एका श्वासात किती

आमचे डॉक्टर कोणाला राम राम म्हणायच्या आधी त्याची छाती बघायचे. पाहुणा उंबरठ्यावर हात जोडून उभा, आणि हे त्याच्या गळ्याखालच्या खळगीकडे टक लावून बसलेले. नवखा माणूस बावरायचा. सदऱ्याला काही लागलंय की काय म्हणून खाली मान घालून बघायचा. मग डॉक्टर म्हणायचे, "तीन पायऱ्या. एवढा श्वास? बसा." झालं! बिचारा गणपतीची वर्गणी मागायला आलेला असायचा आणि पेशंट होऊन बसायचा.

मी त्यांचा कंपाउंडर. रिसोडला धान्यबाजाराच्या भिंतीला लागून त्यांचा खाजगी दवाखाना होता. पुढे तपासायची खोली, मध्ये माझं बाटल्यांचं फळकूट, मागच्या खोलीत ते स्वतः राहायचे. मी लागलो तेव्हा तिशीला आलो होतो, दोन लेकरांचा बाप होतो. अकरा वर्षं काढली तिथे, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. एरवी "कंपाउंडर", आणि पारा चढला की "अहो कंपाउंडर". त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुठले, कोणाचे, कधी बोलले नाहीत. बोली पुण्याकडची वाटायची. आणि बोलणं म्हणजे काय, तीन-चार शब्दांच्या पुढे वाक्य जायचंच नाही. गावातले लोक म्हणत, "डॉक्टर लय तुसडा हाय बाप्पा, शब्द मोजून देते." मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला सांगू.

त्यांचं सगळं वेड छातीचं. पोटदुखी, खरूज, हिवताप यांना औषध देत, पण मन लावून नाही. कोणी खोकत आला की मात्र चेहरा उजळायचा. छाती ऐकायची नळी होती, ती खिळ्याला टांगलेली असायची. "नळी आवाज सांगते," ते म्हणायचे. "काम किती, ते नाही सांगत." छातीचा फोटो काढायचं यंत्र अकोल्याला आहे असं आम्ही ऐकून होतो. इथे त्यांच्याजवळ एक काडेपेटी होती आणि एक सुताची दोरी. दोरी छातीभोवती गुंडाळून "घे" म्हणायचे, मग "सोड" म्हणायचे, आणि दोन्हींत किती बोटांचा फरक पडतो ते बघायचे. दोन बोटं भरली नाहीत तर दोरीला तिथेच गाठ मारून ठेवायचे. त्या दोरीवर अर्ध्या रिसोडच्या गाठी होत्या.

काडीचं असं होतं. काडी पेटवायची, पेशंटच्या तोंडापासून वीतभर लांब धरायची, आणि म्हणायचं, "तोंड उघडं. ओठ जोडू नको. विझव." करून बघा तुम्ही. ओठांचा चंबू करून दिवा कोणीही विझवतो. आ वासून विझवायचा तर छातीत भात्याएवढा जोर लागतो. पण आमच्या लोकांना पेटती काडी समोर आली की एकच अर्थ कळायचा. कानामागची विडी काढून ओठात धरायचे आणि अदबीने पुढे वाकायचे. "सायबानं सोताहून काडी लावली, तं नाई कसं म्हनाव?" डॉक्टर विडी काढून खणात टाकायचे. खण भरला की त्या विड्या मी ओढत असे. हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

कधी कधी ते पेशंटला घेऊन चालायला निघायचे. गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाताना विचारायचे, "वांगी कशी?" किंवा "पाणी किती?" आणि बोलायचं काम समोरच्यावर सोडायचे. जो चालता चालता विहिरीपासून बाजारभावापर्यंत सगळं सांगायचा, तो पास. जो नुसतं "हूं हूं" करायचा, तो नापास. मध्ये निंबाखाली थांबून डॉक्टर जोड्याचा बंद बांधायचे. तो बंद नेमका निंबापाशीच रोज कसा सुटतो, याचं मला नवल वाटायचं. भाजीवाला एक माळी तर गावभर सांगत सुटला, "डॉक्टर माझ्यासंगं गप्पा मारत मारुतीपर्यंत आले, एवढा मान कोनाले देत नाईत!" तो नापास झाला होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरी परीक्षा आकड्यांची. पोटभर श्वास घ्यायचा आणि एका दमात, मोठ्याने, जाईल तिथवर मोजत जायचं. डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि मी वहीत लिहायचं. नाव, गाव, आकडा. "खरं लिही," ते रोज बजावायचे. "कमी नको. जास्त नको. श्वास खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. वहीने बोलू नये." एवढं लांब बोलले की मध्ये दोनदा थांबायचे.

आता ज्याला मोजता येत नाही त्याने काय करायचं? डॉक्टरांनी तोड काढली होती, की घरातल्यांची नावं घ्यायची. एकदा एक सून आली, सासू बरोबर. बाईने श्वास भरून घेतला आणि सुरुवात केली. पोरं, नणंदा, दीर, जाऊ, अकरा नावं घेतली आणि गप्प. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, तोंड लालबुंद. डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले, "अकरा. छाती गेली." मी हळूच म्हटलं, "साहेब, बारावं नाव नवऱ्याचं असेल." त्यांना काही उमगेना. तेव्हा सासू कडाडली, "मंग नवऱ्याचं नाव कसं घेईन ते? दम धरून बसली ना बिचारी! सोड म्हना तिले!" पुन्हा मोजायला लावलं, नवरा वगळून. बाई बैल, शेळ्या, शेजारीपाजारी करत पस्तिसाच्या पुढे गेली. डॉक्टरांनी हातातली पेन्सिल मोडली आणि माझ्यावरच डाफरले, "अहो कंपाउंडर, आधी सांगायचं!" त्या दिवसापासून त्यांच्या हुकमात दोन शब्द वाढले. "घरातल्यांची नावं घे. नवरा सोडून." बाप्यांनाही तेच सांगायचे. बापे एकमेकांकडे बघायचे.

भिंतीपलीकडे बाजारात करीमचाचा मापारी होते. मापारी म्हणजे शेतकऱ्याचा माल पायलीने मोजून व्यापाऱ्याच्या पोत्यात टाकणारा, आणि टाकता टाकता आकडा गाऊन सांगणारा. पहिल्या पायलीला कोणताच मापारी 'एक' म्हणत नाही. आमच्याकडचे 'लाभ' म्हणतात, करीमचाचा 'बरकत' म्हणायचे. बरकत, दोन, तीन, चार... असा तो आवाज सकाळपासून भिंतीवरून आमच्याकडे यायचा. सूर कुठे तुटायचा नाही. डॉक्टर हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे. एकदा म्हणाले, "छाती असावी तर अशी." कोणाचं कौतुक केलेलं मी तेवढंच ऐकलं.

मग एक दिवस करीमचाचा स्वतःच जांघ दाबून आले. अंतर्गळ. पोती सरकवून सरकवून आतडं खाली उतरत होतं. ते लंगोट घट्ट बांधून काम करायचे. त्या वर्षात दोनदा आतडं अडकलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी पाय वर करून, तासभर खपून आत ढकललं. दुसऱ्यांदा हात धुताना म्हणाले, "तिसऱ्यांदा जाणार नाही. आत सडेल. मग दोन दिवस." कापायला हवं होतं. आणि कापायचं तर क्लोरोफॉर्म द्यायला हवा होता. तोंडावर जाळी ठेवून त्यावर थेंब सोडायचं काम माझं. डॉक्टर म्हणायचे, "चांगली छाती झोपते. वाईट छाती उठत नाही." आणि चाचांनी तीस वर्षं तुरीची, ज्वारीची धूळ खाल्लेली.

डॉक्टरांचा कायदा साधा होता. एका श्वासात तिसाच्या वर गेला तर जाळी. विसाच्या खाली राहिला तर नाही, बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात जा. चाचा बाहेरगावी जायला तयार नव्हते.

मोजणीच्या आदल्या दुपारी ते माझ्या फळकुटापाशी आले. मी पुड्या बांधत होतो. म्हणाले, "कंपोंडरभाऊ, मले काटू द्या."

"मी कोण काटू देणारा?" मी म्हटलं. "छाती काय म्हणते ते बघू."

"छाती काय म्हनन? जिन्याच्या चार पायऱ्या चढलो का डोयापुढं अंधारी येते." ते जवळ वाकले. "पन हे अडकते ना भाऊ, तवा मी गुरासारखा वरडतो. तुमच्या चाचीनं दोनदा पाह्यलं मले तसं. तिसऱ्यांदा तिले नाई दाखवत मी. काटताना झोपेत गेलो तं गेलो. तुमी काई बोलू नका, एवढंच."

तेव्हा 'काही बोलू नका' म्हणजे काय ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं.

चाचा सदरा काढून स्टुलावर बसले. दारात चाची उभी होती. डॉक्टर म्हणाले, "श्वास घे. एकपासून मोज."

"एक नाई म्हनत साब मी. एक म्हनलं का माल घटते."

"इथे माल नाही."

"मी हाव ना," चाचा म्हणाले. "मीच घटीन."

डॉक्टरांनी जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं. "बरं. बरकत." आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

चाचांनी बाजारातला सूर लावला. बरकत, दोन, तीन. मी बाजूला वही घेऊन बसलेलो, म्हणून मला दिसलं. धाऽऽ म्हणून आकडा लांबवला की गळ्याची खळगी चट्कन आत जायची. नाकातून एक घोट. वीऽऽस, पुन्हा एक घोट. सूर तसाच. तीस वर्षं पायली ओतताना वाकल्यावाकल्या चोरून श्वास घ्यायचं ते मापाऱ्याचं कसब होतं. त्याच्या जोरावर ते शंभरापर्यंतही गेले असते. चव्वेचाळिसाला थांबले, बहुतेक शोभेल इतपत. तोपर्यंत त्यांची माझी नजरानजर झाली होती.

डॉक्टरांनी डोळे उघडले. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. "किती?"

मी चव्वेचाळीस म्हटलं, आणि चव्वेचाळीस लिहिलं.

का लिहिलं? चाचीकडे बघून, असं सांगता येईल. चाचांचं म्हणणं पटलं, असंही सांगता येईल. खरं म्हणजे त्या मोडलेल्या पेन्सिलीची मला भीती वाटली. डॉक्टर एवढे खूश असताना त्यांना चुकलात म्हणायची छाती माझ्यात नव्हती. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "काहून, काय झालं?" मी डोकं दुखतं म्हटलं.

सकाळी टेबल मांडलं. हत्यारं उकळली. चाचांना निजवलं, तर त्यांना सपाट निजवेना. उशी द्या म्हणाले. मी जाळी आणि बाटली घेऊन डोक्याशी उभा राहिलो. डॉक्टरांनी उशीकडे बघितलं, मग काय मनात आलं कोण जाणे, काडेपेटी घेतली. काडी लावून वीतभर लांब धरली. "तोंड उघडं. विझव."

चाचांनी हाऽ केलं. ज्योत जरा वाकली आणि पुन्हा सरळ झाली. दुसरी काडी लावली, तेच. तिसऱ्या वेळी चाचा ओठांचा चंबू करायला गेले, तर डॉक्टरांनी बोटाने ओठ धरले. काडी जळत जळत त्यांच्या चिमटीपर्यंत आली. ती टाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वही खोटी की काडी?"

मी म्हटलं, "वही."

बाहेर चाची बसली होती, तिच्या बांगड्या वाजलेल्या तेवढ्या ऐकू आल्या. मी हातातल्या बाटलीकडे बघत राहिलो. दोन मिनिटांनी माझे थेंब सुरू झाले असते. कोणाला काही कळलं नसतं, डॉक्टरांनाही नाही.

चाचाच बोलले. "साब, त्यायले काई म्हनू नका. चोरी माही हाय. पन मले आता माघारी नका धाडू."

"धाडत नाही," डॉक्टर म्हणाले. मग मला, "बाटली ठेव."

बधिर करायचं इंजेक्शन आमच्याकडे होतं, पण ते दात उपटायला नाहीतर बोट चिरायला. त्याच्यावर अंतर्गळ उघडायचा म्हणजे चाचांनी जागं राहून सगळं सोसायचं. डॉक्टरांनी तसं आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी चाचांच्या पाठीशी तीन उशा लावून त्यांना अर्धवट बसतं केलं, मध्ये चादरीचा आडोसा धरला, आणि सुया टोचत म्हणाले, "मोजत राहा. थांबलास तर मी थांबेन."

"एका दमात, साब?"

"नाही. आता चोर. हवा तेवढा चोर."

चाचांनी सुरू केलं. बरकत, दोन, तीन. बाजारात शंभर भरले की पुन्हा बरकतपासून धरतात, तसे ते पुन्हा पुन्हा धरत राहिले. दुखलं की आकडा मोठा व्हायचा. मी त्यांचा हात धरून उभा होतो, आणि कितवं शंभर चाललंय याचा हिशेब मला राहिला नाही. मध्येच खिडकीतून एक शेतकरी डोकावला. "तुरीचं माप इथं सुरू हाय का जी?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "उद्या या." चाचा त्या अवस्थेत हसले आणि त्यांचा आकडा चुकला. डॉक्टरांनी लगेच हात थांबवला. "अडुसष्ट झाले. पुढे." म्हणजे ते आतडं हातात घेऊन आकडेही ऐकत होते.

शेवटचा टाका पडला तेव्हा चाचा बत्तिसावर होते. त्यांना थांब म्हणून सांगावं लागलं.

चाचा बरे झाले. पुन्हा पोत्याला हात लावला नाही. माप जावई घालायचा आणि चाचा बाजूला ओट्यावर बसून नुसता आकडा गायचे. बाजाराने तेवढं चालवून घेतलं. भिंतीवरून आवाज पूर्वीसारखाच यायचा. आता मला त्यातले चोरलेले श्वास ऐकू यायचे, आणि मला वाटतं डॉक्टरांनाही.

मला काढून टाकतील म्हणून मी सामान बांधायच्या बेतात होतो. काढलं नाही. चाचांना न चोरता पुन्हा मोजायला लावलं, वहीतला चव्वेचाळीस खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने सतरा लिहिलं, आणि मला शिक्षा दिली. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी त्यांच्यापुढे बसून एका श्वासात मोजायचं, आणि स्वतःच लिहायचं. सुरुवातीला माझे छत्तीस यायचे. पुढे चौतीस, तेहतीस. एक दिवस त्यांनी खण उघडून आतल्या विड्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. मीच सोडल्या.

ते मात्र कधी मोजायचे नाहीत. एकदा थट्टेत म्हटलं, "साहेब, तुमचे किती?" तर खळगीपर्यंत गुंड्या लावलेला कोट जरा नीट करून म्हणाले, "पेशंट बघ."

आता तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला मात्र अकरा वर्षं लागली. छातीच्या पेशंटांची दुखणी रोज वहीत लिहिणारा मी, आणि तीन शब्दांवर वाक्य का तुटतं, जोड्याचा बंद निंबापाशीच का सुटतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुसडा म्हणून मोकळा झालो होतो.

लढाईच्या दिवसांत काडेपेट्या मिळेनाशा झाल्या, त्याच साली त्यांनी अंथरूण धरलं. तीन उशा पाठीशी लावून बसून असायचे. अकोल्याला चला म्हटलं तर मान हलवायचे. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे माझा आकडा मोजला, सदतीस लिहिले आणि उठायला लागलो. त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली.

"वही. नवी ओळ."

"कोणाचं नाव?"

त्यांनी नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे बाजार भरत होता. चाचांची पहिली पायली पडायची होती. डॉक्टरांनी डोळे मिटले, जमेल तेवढा श्वास घेतला, आणि चाचांचा आवाज आला तसं त्यांनीही सुरू केलं.

"बरकत. दोन. तीन. चार."

मी त्यांच्या गळ्याच्या खळगीकडे बघत होतो. ते त्यांनीच शिकवलेलं. चोरावा एखादा, असं मी मनात म्हणत होतो. मी काही बोललो नसतो. पण त्यांनी चोरला नाही.

"पाच. सहा. सात."

पुढे ओठ हलले, आवाज नव्हता. भिंतीपलीकडे चाचा विसाच्या पुढे निघून गेले होते.

"लिही."

सातच्या आधी नुसता एक काढायचा, की सतरा होतात. चाचा सतरावर कितीतरी वर्षं जगत आले होते. माझा हात तिथे अडला, हे सांगायला मला लाज नाही. मग मी सात लिहिलं. त्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ धरून बघितली आणि परत दिली.

"बरोबर," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या पुन्हा."

ती वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवसासाठी मी लगेच खालच्या ओळीवर त्यांचं नाव घालून ठेवलं होतं. त्याच्यापुढे आकडा नाही.